डाव्या बाजूची जखम

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी आमच्या घरी मिश्री भाजली जायची. माय चुलीवर जुना, मधोमध खोल गेलेला तवा ठेवायची, त्यावर तंबाखूची पानं पसरायची आणि ती काळी कुळकुळीत होईपर्यंत उलथन्यानं हलवत राहायची. त्या धुरानं अख्खी गल्ली खोकायची. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, ठसकत बाहेर जाऊन बसायचे आणि दर आठवड्याला तेच म्हणायचे, "आता घरच पेटवून दे एकदाचं." माय पदर नाकाला लावून हलवतच राहायची. मग ती पानं पाट्यावर वाटून, फडक्यातून गाळून डबीत भरली जायची. सकाळी उठल्यावर, दुपारच्या भाकरीनंतर आणि दिवेलागणीला, अशी माय तीनदा मिश्री लावायची. आम्ही त्याला दात घासणंच म्हणायचो. गल्लीतल्या सगळ्या बाया घासायच्या. मी आठवीत असताना माझी दाढ दुखायला लागली, तेव्हा मायनंच पहिल्यांदा माझ्या बोटावर चिमूटभर दिली. चक्कर आली, उलटी झाली, आणि पंधरा दिवसांत सवय लागली. तंबाखू खाणारे लोक वेगळे, असं आम्ही समजत होतो. ते पारावर बसून पिचकाऱ्या मारायचे आणि आम्ही त्यांना नावं ठेवायचो.

त्याच सुमारास माझं अंग भरायला लागलं आणि भरतच राहिलं. दहावीला गेले तोवर माझी छाती माझ्या वयाच्या, उंचीच्या, हाडापेराच्या कशाच्याच मापात राहिली नव्हती. तेव्हा आमच्या गावात, कुरुंद्यात, मापाची आतली कापडं मिळत नसत, आणि मिळाली असती तरी मागायला कोण जाणार? मायनं मांजरपाटाचं दुहेरी कापड घेऊन हातानंच घट्ट चोळी शिवली. ती घातली की पोटभर श्वास घेता येत नसे, जेवणही अर्धंच जाई. पट्ट्यांनी दोन्ही खांद्यांवर घळी पडल्या. उन्हाळ्यात छातीखालची कातडी सतत ओली राहून चिघळायची, तिथं माय जुन्या धोतराच्या मऊ घड्या ठेवून द्यायची. सुट्टीत मी तिच्याबरोबर हळदीच्या काढणीला जायचे. दिवसभर वाकून गड्डे वेचायचे म्हणजे मानेला धोंडा बांधून वाकल्यासारखं व्हायचं. संध्याकाळी मी भिंतीला पाठ लावून बसायचे आणि माय माझ्यापुढं ज्वारीची भाकर, आंबाडीची भाजी आणि वर कच्चं तेल सोडलेलं तिखट आणून ठेवायची. गल्लीतली पोरं काय बोलायची ते इथं लिहीत नाही. त्यातले दोघे-तिघे आज आजोबा झालेत आणि रस्त्यात भेटले की "जयभीम, मॅडम" म्हणून हात जोडतात. मीही जोडते. बाया मात्र तोंडावर बोलायच्या: लग्न झालं, लेकरू झालं की समदं बराबर होतंय. हिंगोलीच्या एका डॉक्टरांनीही मान वर न करता तेच सांगितलं, फक्त जरा शुद्ध भाषेत.

बारावीनंतर वसमतला डी.एड.ला माझा नंबर लागला. दादा गावातल्या शाळेत शिपाई होते. आपली पोरगी एक दिवस हातात खडू घेऊन वर्गात उभी राहणार, या कल्पनेनं ते महिनाभर ताठ चालत होते. पण फळ्यावर हात वर करून चार ओळी लिहिल्या की माझ्या मानेपासून बोटांपर्यंत मुंग्या येत आणि खडू गळून पडे. सरावाच्या पाठाला मागच्या बाकावर हसू फुटे, मी पदर आणखी घट्ट गुंडाळून घेई. आमच्या एका शिक्षिकेनं मला एकदा बाजूला घेतलं. त्यांच्या नात्यातल्या एकीनं मोठ्या शहरातल्या सरकारी दवाखान्यात छाती लहान करण्याचं ऑपरेशन करून घेतलं होतं. असं काही असतं हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. एसटीत बसून गावी उतरेपर्यंत माझं ठरलेलं होतं.

माय भाकरी थापत होती तेव्हा मी तिला सांगितलं. तिनं हात थांबवला नाही. "काहून?" ती म्हणाली. "आजार न्हाई, दुखणं न्हाई, अन् चांगलं अंग कापून घ्यायचं?"

"दुखणं न्हाई म्हणून कोन सांगितलं तुला?" मी चोळी खांद्यावरून खाली ओढली. मायनं पिठाचा हात पुढं केला आणि माझ्या खांद्यावरच्या घळीत बोट ठेवलं. तिचं बोट त्यात पुरतं बसलं. शिवत होती तीच, घालून देत होती तीच, पण उजेडात तिनं ते कधी बघितलंच नव्हतं. तव्यावरची भाकर करपली.

"तुझ्या दादाला काय सांगायचं?" एवढंच तिनं विचारलं.

दादांना आम्ही छातीत गाठ आहे असं सांगितलं. खरं सांगितलं असतं तर ते रागावले नसते, पण लाजेनं त्यांनी पुन्हा माझ्याकडं बघितलं नसतं, असं मायचं म्हणणं होतं. माझ्या आधीची तिची दोन लेकरं जगली नव्हती, मी एकटीच राहिलेली. गाठ म्हटल्यावर दादा एका आठवड्यात सुकले. रोज संध्याकाळी विहारात जाऊन भिंतीकडं तोंड करून बसायचे. जेवताना मी मागितलं नसलं तरी आपल्या ताटातली भाजी माझ्या ताटात सारायचे. आम्ही दोघी ते बघायचो. आता वाटतं, एका खोट्यानं घराची खरं बोलायची सवय अशी मोडते की दुसरं खोटं बोलताना जीभ अडखळत नाही.

त्या दवाखान्याचं नाव लिहीत नाही, त्यांचा काही दोष नव्हता. लांबलचक ओसरी, फिनाइलचा वास, बाकावर सकाळपासून बसलेल्या बाया. सर्जन बाई पन्नाशीच्या होत्या, बारीक आवाजाच्या, आणि घाई न करणाऱ्या. इतकी घाई न करणारा डॉक्टर मी त्याआधी बघितला नव्हता. त्यांनी मला तपासलं, खांद्यावरच्या घळी बघितल्या आणि म्हणाल्या, "इतकी वर्षं कशी काढलीस?" मला तिथंच रडू फुटलं. मग त्यांनी एका कागदावर पेन्सिलीनं काढून दाखवलं. बोंडाभोवती गोल टाके, तिथून खाली उभे, आणि छातीखाली आडवे. "हे ऑपरेशन नवं नाही, बहुतेकींचं नीट होतं, आणि तुझी मान, पाठ, कातडी याला नक्की आराम पडेल. पण ऑपरेशन आहे, खेळ नाही. व्रण जन्मभर राहणार. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या होतील असं नाही. बोंडाला स्पर्श कमी कळेल, कदाचित कळणारच नाही. भुलीचा थोडा धोका असतो, रक्त जाण्याचा असतो, पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दुसऱ्याच दिवशी तुला चालवणार. कुणाकुणाची जखम उशिरा भरते. आणि क्वचित एखादीच्या बोंडाला रक्त पोचत नाही, मग तेवढा भाग मरतो."

मायनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "लेकराला पाजता येईन का, बाई, पुढं?"

"येईलही, नाहीही. कमी येईल कदाचित. मी शब्द देत नाही."

मी म्हणाले, "मला करायचंय." बाईंनी विचारलं, "सिगारेट, बिडी, तंबाखू?" माय ठसक्यात म्हणाली, "न्हाई बाई, आमच्या घरात कुणी तमाकू खात न्हाई." ते तिच्या दृष्टीनं अगदी खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाखल व्हायच्या रांगेत बसले होते. माझ्यापुढं जालन्याकडची एक बाई होती, तिचंही तेच ऑपरेशन. कागद भरून घेणारी शिकाऊ डॉक्टर पोरगीच होती, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिनं त्या बाईला विचारलं, "मिश्री लावता?" बाई हसून म्हणाली, "लावते की." शिकाऊ डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. मिश्री म्हणजे तंबाखूच, ती म्हणाली, त्यानं नसा आकसतात, टाक्यांच्या कडेला रक्त पोचत नाही, कातडी काळी पडून मरते. दीड महिना पूर्ण बंद करा आणि मग या. ती बाई रडायला लागली, नवऱ्यानं पुन्हा पाठवलं नाही तर काय करू म्हणाली. पण तिला परत पाठवलंच. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून शब्द न् शब्द ऐकला होता. माय त्या वेळी मागच्या नळावर धुणं धूत होती.

मग माझा नंबर आला. "मिश्री लावतेस?"

दीड महिन्यानं परत म्हणजे दादांना काय सांगणार होते? गाठ दीड महिना थांबते, असं? मायला शेतमालकानं काढणी सोडून एकदाच येऊ दिलं होतं. आणि दीड महिन्यात माझाच धीर सुटला असता, हेही मला माहीत होतं. मी म्हणाले, "नाही." तिनं माझ्या दातांकडं बघितलं असतं तर तिला कळलं असतं. माझ्यामागं अजून तीस बाया बसल्या होत्या. तिनं "नाही" लिहिलं आणि पान उलटलं.

ऑपरेशन नीट झालं. शुद्धीवर आले तेव्हा पहिली जाणीव दुखण्याची नव्हती. छातीवरचा धोंडा गेला होता. दुसऱ्या दिवशी मला धरून ओसरीत चालवलं आणि मी सरळ उभी राहिले, इतकी सरळ की मला पडल्यासारखं वाटायला लागलं. माय शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगत होती, "बघा की, उंच झाली माझी पोरगी." तिसऱ्या दिवशी पट्टी उघडली. उजवी बाजू चांगली होती. डाव्या बाजूला बोंडाची कड निळसर काळी पडली होती. सर्जन बाईंनी बोटानं दाबून बघितलं, रंग परत येतो का ते पाहिलं, पुन्हा दाबलं. "असं व्हायला नको होतं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मला माहीत होतं का झालं ते. तेव्हाच सांगितलं असतं तर निदान पुढचं थांबलं असतं.

कारण पुढचं रोज सकाळी होत होतं. टाक्यांमुळं मला हात वर करता येत नव्हते. दात घासता येत नाहीत म्हणून माय माझ्या उशाशी बसायची, डबीतून मिश्री आपल्या बोटावर घ्यायची आणि माझे दात घासून द्यायची. लहानपणी तोंड धुऊन द्यायची तशी, हनुवटीला डावा हात लावून, हळूहळू, मागच्या दाढेपर्यंत. "लेकराचं तोंड कडू झालं असन औषधांनी," म्हणायची. नको म्हटलं असतं तर तिनं काहून म्हणून विचारलं असतं. आणि खरं सांगायचं तर तोवर माझं डोकं फुटायला आलेलं असायचं, मला ती हवी असायची. पट्टी उघडून काळी कड बघितल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीही मी तोंड उघडलं.

त्या सकाळी सर्जन बाई राउंडच्या आधीच आल्या, माझ्याच काळजीनं आल्या होत्या. मायचं बोट माझ्या तोंडात होतं. "हे काय चाललंय?"

"दात घासून देऊन राहिले, बाई. हिचा हात उचलत न्हाई."

"कशानं?"

"मिश्रीनं." मायनं डबी पुढं केली, कुणाला पान द्यावं तशी.

बाईंनी डबी घेतली, वास घेतला आणि माझ्या खाटेच्या कडेवर बसल्या. ओरडल्या नाहीत. मायला त्यांनी सावकाश सांगितलं की यात तंबाखू आहे, यानं रक्त पोचत नाही, डाव्या बाजूची कड यामुळंच काळी पडते आहे, आणि आता ती वाचेल की नाही ते सांगता येत नाही. मायला पहिल्यांदा समजलंच नाही. "आमी खात न्हाई, बाई. आमी फकस्त घासतो." मग समजलं. तिनं आपलं बोट बघितलं, पदराला पुसलं, पुन्हा पुसलं. "म्हंजे मी केलं?" ती म्हणाली. "माझ्या हातानं?"

बाईंनी खाटेला अडकवलेले कागद उलटून पाहिले. एका पानावर थांबल्या. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं, बराच वेळ बघितलं. मी बोलेन म्हणून वाट बघत असाव्यात. मी डोळे मिटून घेतले. त्यांनी कागद होते तसे अडकवले आणि मायला एवढंच म्हणाल्या, "तुमचा दोष नाही, आई. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं."

डावी बाजू पूर्ण गेली नाही. बोंडाचा खालचा अर्धा भाग काळा पडून सुटला, आडव्या आणि उभ्या टाक्यांच्या जोडावर कातडी उघडली आणि तिथं चिंचोक्याएवढी जखम राहिली. घरी जायच्या दिवशी सर्जन बाईंनी पट्टीच्या निमित्तानं मायला बाहेर पाठवलं. "मी शिकाऊ डॉक्टरला विचारलं," त्या म्हणाल्या. "तिनं तुला विचारलं होतं. तू सांगितलं असतंस तर दीड महिना गेला असता, दुसरं काही नाही. आता हे भरेल, घाबरू नकोस. पण आईला सांग. ती हे डोक्यावर घेऊन बसेल." मी म्हणाले, "सांगते." एसटीत सांगायचं ठरवलं होतं. माय वाटभर माझ्या पाठीमागं हात धरून बसली होती, गाडी आदळली तर मला धक्का बसू नये म्हणून. मी झोपेचं सोंग घेतलं.

जखम भरायला अडीच महिने लागले. गावातली नर्सताई एक दिवसाआड पट्टी बदलायची. दादांना गाठ निघाली एवढं पुरे होतं. त्यांनी विहारात खिरीचं जेवण घातलं. मायनं दवाखान्यात त्या सकाळी मिश्री सोडली ती सोडलीच, आणि तवा धुऊन शेजारणीला देऊन टाकला. तिचं डोकं दुखायचं, हात कापायचे, चिडचिड व्हायची, पण तिनं पुन्हा बोट काळं केलं नाही. मीही सोडली. माझं डी.एड.चं वर्ष गेलं, पुढच्या वर्षी मी पाठ द्यायला उभी राहिले, फळा वरपासून खालपर्यंत भरून लिहिला आणि हात दुखला नाही. त्यानंतर तेहतीस वर्षं मी शाळांमधून उभी राहिले, शेवटची अकरा वर्षं जवळा बाजारला. ऑपरेशनचा मला एक दिवसही पस्तावा झाला नाही. आताही एखादी पोरगी, एखाद्या पोरीची आई, कुणाकडून तरी ऐकून माझ्याकडं येते, दार लावून घेते आणि विचारते, "मॅडम, ते ऑपरेशन धोक्याचं असतंय का?" मी सांगते की डॉक्टर विचारतील त्याचं खरं उत्तर दे, मिश्रीचं तर आधी सांग, दीड महिना थांबावं लागलं तर थांब. माझ्या व्रणाबद्दल विचारलं तर दाखवतेही. तो कसा झाला हे विचारलं तर म्हणते, मिश्रीनं. एवढं बोलून मी दमते. त्या पोरी समजतात की वय झालं.

लग्नाआधी नवऱ्याला मी सगळं सांगितलं होतं, म्हणजे दाखल होताना म्हटलेला तो एक "नाही" सोडून सगळं. मुलगी झाली तेव्हा उजवीकडं दूध आलं, डावीकडं आलं नाही. लेकरू डावीकडं तोंड लावायचं, ओढायचं आणि रडायचं. माय बाळंतपणाला आली होती. बाळ डावीकडं गेलं की ती उठून परसात जायची. एक दिवस शेजारणी बघायला आल्या, त्यांतल्या एकीनं विचारलं, एकाच अंगाला काहून पाजतीस? मी काही बोलायच्या आत दारातून माय म्हणाली, "माझ्यामुळं. मीच माझ्या हातानं नासवलं हिचं अंग." मी बाळाचं तोंड उजवीकडं फिरवलं.

ते वाक्य ती नंतरही म्हणत राहिली. नातीचे दात आले तेव्हा म्हणाली, गल्लीत कुणी मिश्री भाजली की जाऊन त्या बायांना म्हणाली, शेवटी शेवटी नावं विसरायला लागली तेव्हाही हे विसरली नाही. दर वेळी मी म्हणायचे, "जाऊ दे गं माय, जुनं झालं." ती म्हणायची, "तुझं मन मोठं हाय, लेकरा." ती गेली त्या आठवड्यातही तिनं माझा डावा खांदा चाचपून पाहिला, घळ भरली का म्हणून, आणि मला म्हणाली, "माफ केलं का तू मला?" मी म्हणाले, "केलं."

आज हे सगळं कागदावर उतरवलं. मायला वाचता येत नव्हतं. ती असती तरी मला हे तिच्यापुढं बसून तोंडानंच सांगावं लागलं असतं, आणि त्यासाठी मला चौतीस वर्षं मिळाली होती.